आधी आपला हेलकावा

संपादकांचे पत्र आले की दिवाळी जवळ आली, असे आमच्या घरी मानतात. कॅलेंडरापेक्षा त्या पत्रावर सौ.चा भरवसा अधिक. पत्र आले की ती भाजणीच्या तयारीला लागते आणि मी लेखाच्या. तिची चकली दरवर्षी जमते. माझ्या लेखाचे तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘ह्या खेपेस काही हलकेफुलके द्या,’ असे संपादक न चुकता लिहितात, आणि मीही साताऱ्याचा पाऊस, कंदी पेढे, नाही तर परीक्षेच्या पेपरांतले विनोद असे काहीतरी देऊन दरवर्षी मोकळा होतो.

ह्या वर्षी मात्र मी आकाशावर लिहिणार आहे. मराठीच्या मास्तराने ताऱ्यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचे चुकणारही नाही. पण झाले असे, की जुलै महिन्यात माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती निस्तरता निस्तरता मी थेट आकाशात जाऊन पोहोचलो. तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे थोडी माहिती आहे आणि थोडा कबुलीजबाब आहे.

जुलैत आमच्याकडे पाऊस असा लागला होता की आठ दिवस अजिंक्यतारा दिसला नाही. किल्ला जागच्या जागी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, पण डोळ्यांना नुसते पांढरे ढग. त्यावरून मला विषय सुचला आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्गाला मी निबंध घातला : ‘न दिसणारी वस्तू’. साठेक निबंध आले. निम्म्या मुलांनी देवावर लिहिले, पंधरावीस जणांनी आईच्या मायेवर. एकाने आमच्या रस्त्याच्या डांबरावर लिहिले. त्याला मी दोन गुण जास्त दिले. आणि माण तालुक्यातल्या एका मुलाने लिहिले दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर.

हा मुलगा शेवटच्या बाकावर बसणारा. वर्षभरात त्याचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. आणि निबंध असा, की मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. छोटी छोटी वाक्ये, एक शब्द फाजील नाही, अवघड गोष्ट हाताला धरून समजावून सांगावी तशी सांगितलेली. मला शंका आली. शंका कसली, खात्रीच झाली. मी लाल शाईने खाली लिहिले, ‘स्वतःचे लिहा.’ तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. दुसऱ्या दिवशी निबंध परत देताना मी भर वर्गात विचारले, “काय रे, कोणत्या पुस्तकातून उतरवलेस हे?”

तो उभा राहिला. काही बोलला नाही. निबंध घ्यायलाही पुढे आला नाही, खाली बसला. वर्ग हसला. मला वाटले, चोर सापडला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या तासाला यायचा बंद झाला.

रात्री जेवताना मी ही हकीकत मोठ्या फुशारकीने घरी सांगितली. सौ.ने भात वाढता वाढता विचारले, “अहो, पण पुस्तक कोणते ते सापडले का तुम्हाला?”

“सापडेल की.”

“आणि हाच निबंध आपल्या यादोगोपाळ पेठेतल्या कुणी लिहिला असता, तर विचारले असते का असे?”

मी आमटी मागितली. दुसरे काय करणार?

पण पुस्तक शोधून काढायचेच, ह्या हट्टाला मी पेटलो. पदार्थविज्ञानाचे आमचे एक सहकारी आहेत. त्यांच्याकडून पुस्तके आणली, ग्रंथालय पालथे घातले, रात्री जागून इंटरनेटवरही शोधले. महिना दीड महिना हा उद्योग चालला. पुस्तक काही सापडले नाही. मात्र त्या निमित्ताने जे कळले ते असे.

आकाशातला प्रत्येक तारा म्हणजे एक सूर्य. तेव्हा आपल्या सूर्यासारखे त्यांनाही ग्रह असतील, ही कल्पना जुनीच. पण ते दिसावेत कसे? आपल्या सूर्याकडे दूरच्या ताऱ्यावरून कुणी पाहिले, तर सूर्याच्या उजेडापुढे गुरूचा उजेड सुमारे शंभर कोटीव्या हिश्शाइतका भरेल. पृथ्वीचा तर त्याच्याही दहावा हिस्सा. अजिंक्यताऱ्यावर डोळे दिपवणारा झोतदिवा लावला आहे, त्याच्या काचेला लागून एक काजवा बसला आहे, आणि तो काजवा आपल्याला वाईच्या घाटावरून पाहायचा आहे, अशातली ही गत. अलीकडे मोठ्या दुर्बिणींनी ताऱ्याचा उजेड झाकून काही थोड्या ग्रहांची छायाचित्रे घेतली आहेत. पण बहुतेक ग्रह कुणी पाहिलेले नाहीत. ते ओळखले आहेत. हा ‘पाहणे’ आणि ‘ओळखणे’ ह्यांतला फरक त्या मुलाने निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगितला होता.

ओळखण्याची पहिली रीत त्याने गोफणीवरून सांगितली होती. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभे राहून पाखरे राखणारा माणूस गोफण फिरवतो, तेव्हा दुरून दगड दिसत नाही, माणूस दिसतो. पण दगड नुसता फिरत नाही, फिरवणाऱ्यालाही हिसके देतो. दगड जड असेल तर माणूस जास्त हेलकावतो. ‘खांद्याच्या हिसक्यावरून दगड केवढा आहे हे आमची आजी बांधावरून सांगते,’ असे त्या निबंधात एक वाक्य होते. तारा म्हणजे तो माणूस, आणि ग्रह म्हणजे तो दगड. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण खरे तर दोघेही मधल्या एका समान बिंदूभोवती फिरतात; तारा जड म्हणून त्याचा फेर इवलासा. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर वेगाने हेलकावतो, म्हणजे आपल्या एस.टी.च्या बेताच्या चालीने. पृथ्वीमुळे होणारा हेलकावा सेकंदाला फक्त नऊ सेंटिमीटर, रांगत्या पोराहूनही मंद.

आता एवढ्या दूरच्या ताऱ्याचा हेलकावा मोजायचा कसा? माहुलीला आमच्या सातारा स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. ऑस्ट्रियातल्या डॉपलर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ह्याचे कारण सांगितले. उजेडाचेही तसेच आहे. ताऱ्याचा उजेड लोलकातून जावा तसा फाकवला, की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे येऊ लागला की त्या रेघा जांभळ्या बाजूला किंचित सरकतात, दूर जाऊ लागला की तांबड्या बाजूला. रेघा ठराविक दिवसांनी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे होत असतील, तर समजावे की ह्या माणसाच्या हातात गोफण आहे.

ह्याच रीतीने १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ ह्या दोघा स्विस शास्त्रज्ञांनी, फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून, महाश्व तारकासमूहातल्या ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचा ग्रह ओळखला. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याचा हा पहिला ग्रह. तारा पन्नास प्रकाशवर्षे दूर, आणि त्याचा हेलकावा सेकंदाला साठ मीटरांहूनही थोडा कमी. ग्रह वजनाने निदान अर्ध्या गुरूएवढा, आणि त्याचे वर्ष किती? तर सव्वाचार दिवसांचे! तिथे जन्मलेले मूल बाराव्या दिवशी बारशाला बसेल तेव्हा जवळजवळ तीन वर्षांचे असेल. एवढा मोठा ग्रह ताऱ्याला एवढा खेटून कसा, हे त्या दोघांनाच आधी पटेना. आपल्या यंत्रातच खोट असावी, असे त्यांना वाटले. तारा सूर्याच्या उजेडात गेल्यामुळे वेध थांबले, तेव्हा मधल्या काळात त्यांनी गणित मांडून ठेवले, की जुलैत तारा पुन्हा दिसेल तेव्हा रेघा कुठे असाव्यात. जुलैत पाहिले तर रेघा तिथेच. मग त्यांनी तोंड उघडले. २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ह्या मोजणीत एक मोठी मेख आहे, आणि माझ्या गोष्टीचा जीव तिच्यातच आहे. मिरज जंक्शनवर ज्यांनी गाडी बदलली आहे त्यांना हा अनुभव असेलच. आपण डब्यात बसलेले असतो, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असते, आणि एकाएकी ती चालू लागते. आपण मुलाला सांगतो, “बघ, ती गाडी सुटली.” आणि फलाटावरचा खांब मागे जाऊ लागला की कळते, सुटली आहे ती आपलीच गाडी! दुर्बिणीचे तसेच. ताऱ्याचा हेलकावा साठ मीटरांचा; पण ज्या पृथ्वीवर दुर्बीण उभी आहे ती स्वतः सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते आहे. म्हणजे त्या हेलकाव्याच्या पाचशे पट. शिवाय ती स्वतःभोवती गिरकी घेते ती निराळीच. ही सगळी आपली चाल आधी अचूक वजा करावी लागते. उरेल ते ताऱ्याचे. वजाबाकीत केसाएवढी चूक झाली, की आपलाच हेलकावा ताऱ्याच्या नावावर चढतो.

ओळखण्याची दुसरी रीत सोपी आहे. ६ जून २०१२ च्या सकाळी शुक्र सूर्याच्या बिंबावरून गेला. तेव्हा मी तिशीच्या आसपास होतो. काळ्या काचांचे कागदी चष्मे डोळ्यांना लावून आम्ही गच्चीवर जमलो होतो. मोहरीएवढा एक काळा ठिपका सूर्यावरून सरकत होता. ठिपका दिसला नसता तरी चालले असते, कारण सूर्याचा उजेड त्यामुळे हजारातल्या एका भागापेक्षाही थोडा कमी का होईना, घटला होता. दूरच्या ताऱ्याचा उजेड असाच ठराविक काळाने जरासा मंद होत असेल, तर दिव्यापुढून कोणीतरी ये-जा करते आहे. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याचा शंभरातला एक भाग झाकतो. पृथ्वीएवढा ग्रह दहा हजारांत एक भागही झाकत नाही. आणि त्यासाठी ग्रह नेमका आपल्या नजरेच्या रेषेत यायला हवा. पृथ्वीएवढ्या अंतरावरच्या ग्रहाच्या बाबतीत असा योग दोनशेत एखादा. म्हणून एकदोन ताऱ्यांवर नजर ठेवून भागत नाही. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर ह्या अवकाशातल्या दुर्बिणीने सुमारे दीड लाख ताऱ्यांवर एकदम पहारा ठेवला. तिच्या वेधांतून अडीच हजारांहून अधिक ग्रह हाती लागले.

दोन्ही रीती जुळून आल्या की मौज होते. झाकलेल्या उजेडावरून ग्रहाचा आकार कळतो, हेलकाव्यावरून वजन. आणि आकार व वजन कळले की तो दगडाचा की वायूचा हे सांगता येते. ग्रह दिव्यापुढून जाताना त्याच्या कडेच्या हवेतून ताऱ्याचा उजेड गाळून येतो; त्यावरून ती हवा कसली आहे हेही कळते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये सुमारे सातशे प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ओळखला. आपल्या देशातही हे काम चालते. अबूच्या पहाडावर गुरुशिखरला अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आहे. तिच्या आधारे २०१८ मध्ये सहाशे प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या सत्तावीस पट वजनाचा आणि साडेएकोणीस दिवसांचे वर्ष असलेला एक ग्रह पक्का करण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा परक्या सूर्यांच्या ग्रहांची मोजदाद सहा हजारांवर गेली.

माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला त्यातल्या एका ग्रहाचे विशेष कौतुक वाटले. २०१९ मध्ये एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याचा मान भारताला मिळाला. ताऱ्याला बिभा चौधरी ह्या पदार्थविज्ञानाच्या विदुषीवरून ‘बिभा’ म्हटले, आणि ग्रहाला नाव दिले ‘संतमस’. ते सुचवले पुण्याच्या एका शाळकरी मुलाने. अमरकोशाने अंधाराच्याही जाती सांगितल्या आहेत : दाट तो अंधतमस, विरळ तो अवतमस, आणि चहूकडे पसरलेला तो संतमस. ज्या मुलाला हा शब्द सुचला त्याला कुणी ‘कुठून उतरवलास’ असे विचारले नसेल, अशी आशा आहे.

इथवर आलो तरी पुस्तक सापडले नव्हते, आणि माझा हट्टही गेला नव्हता. तो गेला एका चहाच्या कपावर. प्राध्यापकांच्या खोलीत आमच्या त्या सहकाऱ्यांनी मला अँड्र्यू लाइन ह्यांची गोष्ट सांगितली.

लाइन हे इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेचे. काही मेलेले तारे आपल्याभोवती भिंगरीसारखे फिरतात आणि घड्याळासारखे टिकटिक करीत रेडिओलहरी पाठवतात. त्यांना स्पंदतारे म्हणतात. १९९१ मध्ये लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका स्पंदताऱ्याची टिकटिक सहा महिन्यांच्या अंतराने मागेपुढे होताना आढळली. म्हणजे त्याच्याभोवती सहा महिन्यांत फेरा घालणारा ग्रह असणार! जुलैत ती बातमी जगभर झाली. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे खगोलशास्त्रज्ञांची मोठी सभा भरणार होती. तिथे लाइन ह्यांचे त्या ग्रहावर व्याख्यान ठरले. आणि सभेच्या थोडेच दिवस आधी, गणित पुन्हा तपासताना, त्यांना दिसले की ग्रह नाहीच. ताऱ्याची जागा किंचित चुकीची धरली होती, आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असताना हिशेबात ती गोल धरली गेली होती. पृथ्वीचीच चाल नीट वजा झाली नव्हती. तो सहा महिन्यांचा हेलकावा ताऱ्याचा नव्हता, आपलाच होता.

लाइन अटलांटाला गेले. शेकडो विद्वानांपुढे उभे राहिले आणि आमचा ग्रह नाही, आमची चूक झाली, असे कारणांसकट सांगून मोकळे झाले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्यामागून अलेक्झांडर वोल्शान बोलायला उभे राहिले. त्यांनी डेल फ्रेल ह्यांच्यासह दुसऱ्या एका स्पंदताऱ्याभोवती दोन ग्रह ओळखले होते, आणि ताऱ्याची जागा दुसऱ्या दुर्बिणीने आधी पक्की करून घेतली होती. ते ग्रह खरे ठरले, आजही आहेत.

गोष्ट सांगून आमचे सहकारी तासाला गेले. माझा चहा गार झाला. त्या मुलाच्या निबंधात मला जे दिसले होते ते त्याचे होते की माझे? माणदेशातला, शेवटच्या बाकावरचा, अबोल मुलगा असे लिहूच शकणार नाही, ही तर माझी चाल होती. पेठेतल्या घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी वाढलेल्या माणसाची. ती वजा न करता मी मोजणी केली, आणि माझा हेलकावा त्याच्या नावावर चढवला. जी गोफण, जो माळा, बांधावरची जी आजी त्या निबंधात होती, ती कोणत्या पुस्तकात सापडणार होती? महिना दीड महिना मी एक नसलेला ग्रह शोधत होतो.

त्याच्या गावचा एक मुलगा वर्गात आहे. त्याच्याजवळ निरोप पाठवला, “उद्या तासाला ये म्हणावे. काही विचारणार नाही.” दुसऱ्या दिवशी तो आला आणि शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसला.

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात बोलतो आहे, पण त्या दिवशी खडू हातात धरवेना. चूक वर्गासमोर झाली होती, तेव्हा बोलणे वर्गासमोरच भाग होते. मी म्हणालो, “जुलैत मी एका निबंधाला उतरवलेला म्हटले. तो उतरवलेला नव्हता. मी चुकलो.” एवढेच म्हणून थांबायला हवे होते. पण मास्तरची जीभ ती! वातावरण सैल करावे म्हणून मी त्या निबंधाचा विषय पुढे चालवला. म्हटले, “मुलांनो, ह्या शोधात आपल्याकडच्या माणसाचाही वाटा आहे बरे का. आपल्या माहुलीच्या संगमावरून निघालेले कृष्णेचे पाणी सांगलीवरून पुढे जिथे पोहोचते, त्या नरसोबाच्या वाडीशेजारच्या कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६ चा. १९८२ मध्ये सेकंदाला सहाशे बेचाळीस गिरक्या घेणारा स्पंदतारा ज्यांनी शोधला त्यांत ते होते. असल्याच अतिवेगवान जातीच्या एका ताऱ्याभोवती पुढे वोल्शान ह्यांना ग्रह मिळाले. आणि १९९५ मध्ये ज्या फ्लॉरेन्सच्या सभेत मेयर ह्यांनी आपला ग्रह जाहीर केला, त्याच सभेत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही पालोमारच्या दुर्बिणीने शोधलेला आपला ग्रह जाहीर केला!”

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला.

“सर.”

“बोल.”

“सर, तो ग्रह नव्हता.”

वर्ग चिडीचूप.

“तो तपकिरी बटू होता, सर. ग्रहापेक्षा जड आणि ताऱ्यापेक्षा हलका. तारा पेटतो तसा तो पेटत नाही. ग्लीझ २२९ बी. पहिला खात्रीचा तपकिरी बटू तोच.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि आता तो एक नाही, सर. २०२४ मध्ये कळले, दोन आहेत. एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरतात. इतकी वर्षे सगळ्यांना एकच वाटायचा.”

आधी कोण हसले ठाऊक नाही, बहुधा मीच. मग सगळा वर्ग हसला, आणि ह्या वेळी तोही हसला. एका तासात दोनदा चूक कबूल करण्याचा प्रसंग माझ्यावर ह्यापूर्वी आला नव्हता. मी फळ्यावर ‘तपकिरी बटू’ असे लिहिले आणि खाली ‘दोन’.

तास संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले. विचारायचे नाही असे कबूल केले होते, तरी राहवले नाही. “अरे, पण ही मराठी कुठे शिकलास?” तो म्हणाला, “शिकलो नाही, सर. सुट्टीत रात्री राखणीला जागतो, तेव्हा मोबाइलवर इंग्रजीतले वाचत असतो. आजी विचारते, काय वाचतोस? तिला सांगावे लागते. तिला कळेपर्यंत सांगितले की मलाही कळते. निबंधात तेच लिहिले.”

शैलीवर मी आजवर चारपाच व्याख्याने दिली आहेत. त्यांत एवढी गोष्ट मला सांगता आली नव्हती.

तो निबंध माझ्याजवळच होता. ‘स्वतःचे लिहा’ ही लाल अक्षरे मी खोडली, पण लाल शाई खोडली तरी खालचे दिसायचे ते दिसतेच. दुसऱ्या कागदावर नवा शेरा लिहून देऊ का, असे मी विचारले. तो म्हणाला, “असू दे, सर. आजीला दाखवायचा आहे.” काय दाखवायचे आहे, निबंध की खोडलेला शेरा, हे मी विचारले नाही.

असो. आता दिवाळीचे एक काम सांगतो आणि पुरे करतो. लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची. चंद्राची अडचण नाही. रात्री आठच्या सुमारास, फटाक्यांचा धूर जरा निवला की मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि डोक्यावर, जरा पूर्वेकडे पाहा. चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसेल. त्याची पूर्वेकडची बाजू उत्तराभाद्रपदेची, पश्चिमेकडची पूर्वाभाद्रपदेची. ह्या पश्चिमेकडच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, चौकोनाच्या किंचित बाहेर, एक अगदी फिकट तारा आहे. गावाबाहेरच्या काळोखात तो तीक्ष्ण नजरेला जेमतेम दिसतो. शहरात साधी दुर्बीण लागेल. तोच ५१ क्रमांकाचा. त्याच्याभोवती सव्वाचार दिवसांचे वर्ष असलेला तो ग्रह ह्या क्षणीही फेऱ्या घालतो आहे. तो काही दिसणार नाही. पण मुलांना सांगा, की आपली धावपळ आधी वजा केली तर न दिसणाऱ्याचीही ओळख पटते.

आमच्याकडे ह्या दिवाळीत फराळाचा एक डबा माणला गेला आहे. चकल्या सौ.च्या. वर एक चिठ्ठी आहे, ती माझी; काळ्या शाईने लिहिलेली.